पत्रिकेमागचे नकाशे

माझी बायको जाऊन आता वर्ष होईल. तिच्याबद्दल लिहायला बसलो की मध्येच आमचा शेजारी येतो. मला ते आवडत नाही, पण खरं ते खरं. चाळीसेक वर्षं ती माझ्या घरात वावरली, माझ्या ताटात वाढलं, माझी पोरं वाढवली. पण ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकटी चालताना ती कशी असायची हे मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं. ती गेल्यावर मला त्याच्याकडून तेवढंच हवं होतं आणि मागायला जीभ वळत नव्हती. ज्याच्यावर जन्मभर जळलो त्याच्यापुढे तोंड कसं वेंगाडायचं?

मी सहावी शिकलेला माणूस. ठाण्यात खोपटला एसटी डेपोच्या समोर आमचा टुरिस्ट गाड्यांचा स्टँड होता, तिथे गाडी लावायचो. चाळ मागच्याच गल्लीत. तो आमच्यापासून दोन खोल्या सोडून राहायचा, एकटा. टेंभी नाक्याजवळ लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात कामाला होता. बाकीचे कारागीर नावं जुळवायचे, गणपतीचं चित्र लावायचे. हा फक्त पत्रिकेच्या मागे नकाशा काढायचा.

आताच्या पोरांना सांगावं लागेल. तेव्हा पत्रिकेच्या मागे बोटभर नकाशा असायचा. इथे स्टेशन, इथे रस्ता, इथे बाण, आणि चौकोनात हॉलचं नाव. पाहुणा तो कागद रिक्षावाल्याच्या नाकासमोर धरायचा. ठाणे, डोंबिवली, कल्याण, इकडच्या निम्म्या लग्नांचे नकाशे ह्याच्या हातचे असतील. दुसऱ्यांची लग्नं लोकांना सापडावीत म्हणून झिजला आणि स्वतःचं करायचं राहून गेलं. चाळीत सगळे त्याला लँडमार्क म्हणायचे. तोंडावरसुद्धा. तो ओ द्यायचा.

बुटका माणूस. खिशाला तीन पेन्सिली आणि हातात बाराही महिने छत्री. ती छत्री पावसातही उघडायचा नाही, कारण तिच्या दांड्यावर त्याने मापाच्या खुणा केलेल्या. रस्त्यात भेटला आणि हाक मारली तर बोट वर करायचा. म्हणजे थांब, पावलं मोजतोय. मग पुढे जाऊन वळायचा आणि म्हणायचा, "हं, बोल दादा. चारशे बारा."

त्याचे कायदे होते. नकाशात दुकान दाखवायचं नाही, दुकान बंद पडतं. झाड दाखवायचं नाही, झाड तोडतात. मी एकदा म्हटलं, "देऊळ तरी दाखव. देऊळ कुठे जातंय?"

"रस्तारुंदीत मारुती तीन वेळा सरकलेला मी बघितलाय," तो म्हणाला.

"मग दाखवणार काय?"

"नाला. नाल्याला कोण हात लावत नाही."

आणि खरंच, लोकांच्या मंगल कार्याच्या पत्रिकेवर हा पठ्ठ्या नाला काढायचा. नवरीमुलीचे बाप भांडायला यायचे. एक जण म्हणाला, अहो, सोन्यासारखी पत्रिका, त्यात गटार कशाला? ह्याने त्याला शांतपणे विचारलं, "तुमची मावशी नाल्याशी पोचली की नाक दाबणार का नाही? मग तिला कळलं, आता डावीकडे."

ही मावशी म्हणजे त्याचं खरं वेड. ती कुणाचीच नव्हती. ती कराडकडून यायची, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नातू, आणि पहिल्यांदाच इकडे आलेली. तिला वाचायला चष्मा लागायचा आणि चष्मा पिशवीच्या तळाला. प्रत्येक नकाशा तो ह्या मावशीसाठी काढायचा. टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलचे त्याने दोन नकाशे केले, एक एरवीचा आणि एक नवरात्रातला, तिथे देवीमुळे रस्ता बंद असतो म्हणून. दुकानाचा मालक ओरडला, नवरात्रात लग्न कोण करतं रे? तर हा म्हणतो, "बारसं असलं तर? मावशी देवीच्या गर्दीत उभी राहील ना."

तर एका दुपारी ही मावशी त्याला माझ्या घरात सापडली.

आमची ही मुरबाडकडची. लग्न होऊन ठाण्याला आली ती चाळ, नळ, मार्केट आणि पोरांची शाळा एवढ्यातच होती. मी दिवसभर लोकांना गाडीत घालून पोचवायचो. आज नाशिक, उद्या पुणे. घरच्या माणसाला कुठे न्यायचं म्हटलं की गाडीवर जायचा कंटाळा यायचा. कधी लग्नाकार्याला नेलं तर ती मागच्या सीटवर बसायची, पुढे गिऱ्हाईक बसतं ही सवय. मला ती आरशात दिसायची, तीही अर्धी.

तो दारात आला आणि म्हणाला, "वहिनी, डोंबिवलीला कधी गेलात?"

"नाही हो भावजी. कुठे जायला होतंय."

"मग बरोबर. हा कागद घ्या. कुणाला विचारायचं नाही. हॉलशी पोचलात की गेटचा रंग बघून या."

मला वाटलं ती हाकलून देईल. तिने पदराला हात पुसले आणि कागद घेतला.

संध्याकाळी मी आलो तेव्हा ती दारात उभी होती. घरच्या दारात नाही, त्याच्या. तोंड लाल झालेलं, केस सुटलेले, आणि बोलतेय, बोलतेय. "भावजी, तुमची पाण्याची टाकी दिसतच नाही, पुढे मोठा बोर्ड लावलाय. मी सरळ गेले, मग मलाच वाटलं, चढ लागायला नको होता, म्हणून मागे आले. गेट हिरवं आहे. वॉचमनने पाणी दिलं." आणि तो कपाळावर हात मारून घेत होता, बोर्ड, बोर्ड कसा राहिला. जसं काय कुणी मेलंय. मी माझ्या दारात चपला काढून किती वेळ उभा होतो, दोघांनी बघितलं नाही.

त्यानंतर तिचं ते सुरूच झालं. महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. नवीन हॉल आला की तो नकाशा करणार, ही चालून बघणार, पास झाला तर छापायला जाणार. कल्याणला जाऊन आली, मुंब्र्याला जाऊन आली, दिव्याला गेली. मी ड्रायव्हर, पण ती मला पत्ते सांगायला लागली. "अहो, खडकपाड्याला तिकडून नका जाऊ, मागून रस्ता आहे." मी मुद्दाम पुढूनच जायचो.

एकदा मी तिला रागाने विचारलं, "तुला त्या खुळ्याच्या नादी लागून काय मिळतं? फिरायचंच असेल तर सांग, मी नेतो गाडीतून."

तिने कणीक मळता मळता उत्तर दिलं. "तुमच्या गाडीत बसले की मी पोचते. त्याच्या कागदावर मी जाते."

मी पान खायला बाहेर गेलो.

आता वाईट गोष्ट सांगतो. ही मी कुणाला सांगितलेली नाही. एका हॉलचा नकाशा त्याने दिलेला, पेन्सिलचा होता. ती आंघोळीला गेली आणि मी पोराच्या दप्तरातलं खोडरबर घेऊन त्यातलं एक वळण पुसलं. वाटलं, एकदा चुकू दे. एकदा त्याच्या नावाने बोटं मोडू दे. ती सकाळी दहाला गेली ती दिवेलागणीला आली. पाय सुजलेले. मी तयार बसलेलो, आता शिव्या देईल त्याला. ती पाण्याच्या बादलीत पाय सोडून म्हणाली, "माझंच चुकलं. मी नीट बघितलं नाही वाटतं."

त्याने तो कागद उजेडाला धरला. खोडलेलं कागदावर दिसतंच. त्याने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून तिला देण्याचे सगळे कागद त्याने शाईने काढले. तो भांडला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्या दोन कानाखाली दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो.

मग जमाना बदलला. आमच्या स्टँडवर एका परदेशातून आलेल्या गिऱ्हाइकाने पहिल्यांदा तो डबा आणला, काचेला चिकटवायचा, आतून बाई रस्ता सांगायची. त्या बाईला कल्याण-शीळ रस्ता म्हणजे नुसती एक रेघ. आम्ही गाडीत रस्त्यावर, आणि डब्यात आमची गाडी खाडीत चाललेली. मी हसून हसून बेजार. घरी येऊन मुद्दाम लँडमार्कला सांगितलं, तुझी सवत आली बघ. मला वाटलं त्याचं तोंड उतरेल. तर हा दुसऱ्या दिवशी स्टँडवर हजर. त्या गिऱ्हाइकाला विनवण्या करून पुढच्या सीटवर बसून आला. परत आला तो लहान पोरासारखा. "दादा, ती बाई चुकली की ओरडत नाही रे. परत मांडते. मी चुकलेल्या माणसाचा विचारच केला नव्हता. माझा नकाशा फक्त न चुकणाऱ्याला उपयोगी."

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, मोबाईलमध्ये नकाशे आले. पत्रिकेच्या मागचा नकाशा गेला, त्या जागी ती काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकट आली, मोबाईल धरला की रस्ता उघडतो. दुकानातून त्याला काढलं. काढलं म्हणजे मालकाने हार घालून घरी पाठवलं. मी आतून खूश. म्हटलं, संपलं आता. आता बायको घरात बसेल.

कसलं काय. हा उलट पेटला. त्याने मोबाईल घेतला, चष्मा घेतला, आणि मोबाईलचा नकाशा दुरुस्त करायला लागला. त्यात चुकीचं गेट असेल तर कळवायचं, बंद गल्ली असेल तर कळवायची, फोटो टाकायचा. फुकट. कुणी सांगितलेलं नाही, कुणी ओळखत नाही. आणि चालून कोण बघणार? आमची ही. साठी आलेली, गुडघे बोलायला लागलेले, पण मोबाईल पदरात धरून निघाली.

त्यात एक नवीन थेर निघालं. आपण कुठे आहोत ते दुसऱ्याच्या मोबाईलवर दिसतं. लाइव्ह लोकेशन म्हणतात. एका दुपारी मी जेवून गॅलरीत आलो तर हा पायरीवर बसून मोबाईलकडे बघतोय आणि गालात हसतोय. मी विचारलं, "काय रे, पिक्चर लावलाय का?"

"नाही दादा. वहिनी आता लाल चौकीला वळल्या."

मी वाकून बघितलं. नकाशावर एक निळा ठिपका हळूहळू सरकत होता. थांबत होता, परत सरकत होता. माझी बायको परपुरुषाच्या हातात चालत होती, आणि मला घरात बसून तिचा पत्ता नव्हता.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. चाळ गोळा झाली. संध्याकाळी ती आली तेव्हा तिच्या कानावर सगळं आधीच गेलेलं. तिने जेवण वाढलं आणि म्हणाली, "ठीक आहे. ह्यापुढे तुम्हाला पाठवते."

आणि पाठवलंन. एकदा मी गाडीत होतो, मोबाईल वाजला. उघडला तर ठिपका. मी दोन मिनिटं बघितलं. सिग्नल सुटला, मागून हॉर्न. ठेवून दिला. दुसऱ्यांदा पाठवलंन तेव्हा मी स्टँडवर पत्ते खेळत होतो. रात्री जेवताना तिने विचारलं, "बघितलंत का? मी कुठे गेलेले?"

मी म्हटलं, "ठिपक्यात काय बघायचं? तू आहेस का दुसरं कोण, काय कळतंय?"

तिसऱ्यांदा तिने पाठवलं नाही. मीही विचारलं नाही.

लग्नाची गोष्ट सांगायची राहिली. त्यात माझी सगळी घमेंड उतरली. चाळीतल्याच एका पोराचं लग्न, हॉल डोंबिवलीला, नवीन बांधलेला. नवरदेवाची गाडी माझ्याकडे. बायका आदल्या गाडीने पुढे गेलेल्या, आमची हीसुद्धा. निघताना लँडमार्क काचेजवळ आला. "दादा, पत्रिकेवरच्या चौकटीतली खूण चुकली आहे. हॉलवाल्याने ती घरी सोफ्यावर बसून टाकलेली दिसते. त्याचं घर पश्चिमेला, हॉल पूर्वेला. तू पूर्वेला जा." आणि कागद पुढे केला, शाईने काढलेला.

डोंबिवलीत पूर्व-पश्चिम चुकणं म्हणजे काय ते तिथल्यालाच कळतं. मध्ये रेल्वे. पलीकडचा माणूस हाकेच्या अंतरावर दिसतो, पण गाडी न्यायची तर पूल गाठायचा, आणि पुलावर लग्नसराईची गर्दी. मला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याचं ऐकायचं नव्हतं. मी कागद घेतला नाही. मोबाईल काचेला लावला आणि नवरदेवाला म्हटलं, "बघ, बाई कशी नेऊन सोडते."

बाईने नेऊन सोडलं. एका बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये. ‘तुम्ही पोचला आहात.’ समोर एक आजोबा बनियनवर झाडांना पाणी घालत होते. रुळांच्या पलीकडे हॉलची लायटिंग दिसत होती, सनई ऐकू येत होती. मुहूर्ताला वीस मिनिटं.

तेवढ्यात हिचा फोन. "अहो, पश्चिमेला ना?"

"तुला कसं कळलं?"

"भावजी बोललेले, दादा मोबाईलचंच ऐकणार. नवरदेवाला जिन्यावरून चालत आणा. गाडी राहू दे तिथेच."

मग काय. डोक्याला मुंडावळ्या, पायात मोजड्या, नवरदेव पादचारी पुलावर. मागे मी, हातात त्याची तलवार. जाणारे-येणारे बाजूला होऊन टाळ्या वाजवताहेत. एका भाजीवालीने त्याच्या हातात काकडी दिली, बाळा, उपाशी असशील. पलीकडे जिन्याखाली, लोकलने आमच्या आधी पोचलेला लँडमार्क छत्री घेऊन उभा. मला वाटलं आता हा चार शब्द ऐकवणार, आणि ऐकवायचा त्याला हक्क होता. त्याने विचारलं, "किती पायऱ्या होत्या रे पलीकडून?"

"मोजल्या नाहीत."

त्याने मान हलवली, आणि लग्न सोडून हा पायऱ्या मोजायला वर चढला.

त्या दिवशी हॉलच्या दारात आमची ही उभी होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या मागे बघितलं, तो येतोय का. तेवढं एक बघणं. मी त्या दिवशी जेवलो नाही, पोट बिघडलंय सांगितलं.

तिचं दुखणं पोटाचं निघालं. चार महिने गेले हॉस्पिटलात. तिथे मी होतो, चोवीस तास होतो, उष्टंखरकटं काढलं, आणि खरं सांगतो, मला तिथे एक समाधान होतं की आता ती कुठे जात नाही. असला माणूस मी. तो भेटायला यायचा, पायाशी उभा राहायचा, तिला सांगायचा की अमक्या पुलाचं काम झालं, तमका रस्ता एकदिशा केला. ती डोळे मिटून ऐकायची. मी म्हणायचो, तिला झोपू दे. तो निघून जायचा. ती म्हणायची, "मी झोपलेली नव्हते." मग ती गेली.

तेराव्यानंतर तो घरी आला. हातात कापडी पिशवी, आत कागदांचा गठ्ठा, सुतळीने बांधलेला. तिने चालून पास केलेले सगळे नकाशे. म्हणाला, "दादा, हे तुझ्याकडे असू दे."

मी ते आठ दिवस उघडले नाहीत. मग उघडले. आता माझी लाज सांगतो. चाळीस वर्षं गाडी चालवली, पण मला नकाशा वाचता येत नाही. एकदा गेलेला रस्ता मी विसरत नाही, पण कागदावर रेघा बघितल्या की मला काही दिसत नाही. मी तिचे सगळे कागद पलंगावर पसरून बसलेलो आणि मला त्यात ती कुठेच दिसेना. फक्त प्रत्येक कागदावर तांबड्या शाईचे बारीक ठिपके होते. कुठे एक, कुठे पाच.

शेवटी गेलो त्याच्या दारात. कागद पुढे टाकला. "हे लाल काय आहे?"

"वहिनी तिथे थांबल्या."

"तिने सांगितलं?"

"नाही. हे सांगून कळत नाही दादा. कुणालाही विचार, तो म्हणणार, मी सरळ आलो. कुठे अडलो ते माणसाला आठवतच नाही. ते बघावं लागतं." मग म्हणाला, "मी मागे असायचो. पन्नास-साठ पावलांवर. त्या पहिल्या डोंबिवलीनंतर, मोबाईल यायच्या आधी, एखादी खेप सोडली तर दर वेळी."

माझं डोकं सणकलं. "माझ्या बायकोच्या मागून फिरायचास? इतकी वर्षं?"

"हो."

"तिला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षी नव्हतं. मग कळलं असणार. वळून नाही बघितलं कधी. पण कुठे रस्ता ओलांडायचा असला की पलीकडे जाऊन जरा थांबायच्या. मी ओलांडेपर्यंत. ते ठिपके मी धरलेले नाहीत."

पूर्वीचा मी असतो तर त्याची मान धरली असती. हात उठलाही. पण मारून काय करणार? तिला चालताना बघितलेला जगात तो एकच माणूस उरलाय. तो मेला तर ते सगळं जाईल. मी त्याच्या पायरीवर बसलो. मग कसंबसं तोंडातून काढलं. "ती चालायची कशी?"

तो कागदाची घडी घालायला लागला.

"अरे सांग ना. घरात चालायची ती मला ठाऊक आहे. तशी नाही. एकटी. कुणी बघत नाही तेव्हा."

"सांगता येणार नाही," तो म्हणाला. "गाडी काढ."

रविवार होता. कल्याणला गेलो, दुर्गाडीच्या अलीकडे. पूर्ण वाट तो पुढच्या सीटवर कागद मांडीवर घेऊन बसलेला. एका वळणावर म्हणाला, थांबव. उतरला. पहिल्यांदाच छत्री गाडीत ठेवून उतरला. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "पहिला गिअर. पन्नास पावलं मागे राहा. जवळ येऊ नकोस."

आणि तो चालायला लागला.

आधी मला हसू आलं. बहात्तर वर्षांचा बुटका म्हातारा, पँट वर ओढलेली. मग त्याने डावा खांदा जरा खाली सोडला, जसं त्या हातात पिशवी आहे. पावलं बारीक झाली, भरभर झाली. गटाराच्या झाकणाशी आला आणि त्यावर पाय न देता बाजूने गेला, पदर सावरावा तसा उजवा हात छातीशी नेत. एका दुकानाशी थांबला. काचेत आत काहीतरी बघितलं, मान वाकडी करून, बराच वेळ, काही घ्यायचं नाही तरी. मग एकदम उशीर झाल्यासारखा निघाला. नाक्यावर आला तेव्हा उगीच इकडेतिकडे बघितलं नाही. सगळं अंग वळवून आधी एका रस्त्याकडे तोंड केलं, मग दुसऱ्या. आणि दुसरा रस्ता पटला तेव्हा हनुवटी अशी वर उचललीन, घरात मी कधी बघितली नाही अशी, ऐटीत. जसं काय कल्याण तिच्या बापाचं.

ती होती. देवाशपथ सांगतो, ती होती.

मागून रिक्षावाले बोंबलत होते, "काका, गाडी काय धक्क्यावर आहे का? साइडला घ्या!" मी घेतली नाही. समोरची काच धूसर झाली, वायपर लावला, तरी धूसर. माझ्या आत जळत होतं, अजून जळतंय, की हे सगळं ह्या माणसाच्या अंगात राहिलं, माझ्या नाही. तो रस्ता ओलांडायला लागला. मी पन्नास पावलांवर ब्रेक दाबून उभा.

पलीकडे पोचून तो थांबला. वळून बघितलं नाही. नुसता उभा राहिला, पाठ माझ्याकडे.

मी गाडी पुढे घेतली.